किडीने खाल्लेली वेलांटी

कुंभकोणमच्या ज्या ग्रंथालयात मी गेली सव्वीस वर्षं काम करते आहे, तिथे सकाळी लोक येतात ते तमिळ वर्तमानपत्रं वाचायला, आणि दुपारी मुलं येतात ती पंख्याखाली बसून सरकारी परीक्षांचा अभ्यास करायला. मागच्या खोलीत तीन लोखंडी कपाटं आहेत, त्यांची आठवण फारशी कुणाला नसते. एखादे वकील किंवा हेडमास्तर वारले की घरची मंडळी त्यांची पुस्तकं पोत्यात भरून आणून देतात. तशी जमलेली जुनी पुस्तकं त्या कपाटांत आहेत.

काही वर्षांपूर्वी मला चेन्नईला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पुस्तक कोणाकोणाच्या हातांतून गेलं हे शोधणं हेही ग्रंथपालाचंच काम असतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. कोऱ्या पानावरची सही, खोडलेलं नाव, शिक्का, मालकाचं छापील लेबल, समासातली टिपणं, या सगळ्यांतून पुस्तकाचा प्रवास कळतो. अडचण एवढीच, की माणूस गेल्यावर त्याची पुस्तकं एकत्र राहत नाहीत. एक इथल्या कपाटात जातं, दुसरं समुद्रापलीकडे. त्यामुळे कुठल्याही एका ग्रंथालयाला एकट्याने हा माग लागत नाही. म्हणून जगभरच्या ग्रंथालयांनी आपापल्या पुस्तकांतल्या खुणांचे फोटो एका सामाईक ठिकाणी ठेवायचे आणि ज्याला जे ओळखता येईल त्याने ते सांगायचं, अशी सोय केलेली आहे. मीही त्या गटात नाव घातलं. पुष्कळ महिने नुसती बघत होते. कुठल्या मठातल्या लॅटिन ओळी, कुठल्या सरदाराचं चिन्ह. त्यात मी काय सांगणार?

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि सवयीने तो गट पाहिला. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बाईंनी एक फोटो टाकला होता. वनस्पतींच्या चित्रांचा लॅटिन ग्रंथ, तीनशे वर्षांहून जुना, त्याचं पहिलं कोरं पान. पानाच्या खालच्या भागात एका इंग्रज सर्जनचं छापील लेबल चिकटवलेलं आणि त्याच्या वर दोन ओळी. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘अज्ञात भारतीय लिपी. बहुधा गुजराती, किंवा नुसत्या रेघोट्या.’

डबा तसाच राहिला. ती मोडी होती.

मोडी मला अप्पांनी शिकवली, माझ्या वडिलांनी. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. आमची ती घरची मराठी महाराष्ट्रातल्या माणसाला ऐकवली तर तो हसतो. ही जी मी लिहिते आहे ती पुस्तकं वाचून शिकलेली. अप्पांनी तंजावरच्या एका खासगी न्यासाच्या ग्रंथालयात उभं आयुष्य मोडी कागद वाचून यादी करण्यात घालवलं. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला पहिली ओळ गिरवायला लावली, आणि शाळेची मोठी सुट्टी आली की रोज एक पान वाचल्याशिवाय खेळायला सोडत नसत. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

फोटो मोठा करून मी अक्षर अन् अक्षर लावलं. पहिली ओळ अमुक वैद्य यांच्यापासून सुरू होत होती. दुसरी ओळ ‘पुस्तक असे. वडिलांनीं दिल्हें’ अशी संपत होती. पण मधे पानातून किडीचा एक लांब बोगदा वरून खाली गेला होता, आणि त्याने पहिल्या ओळीत नेमकं एका अक्षरापुढचं चिन्ह आणि दुसऱ्या ओळीत नावाचं शेपूट खाल्लं होतं. उरलं होतं ते असं: ‘वैद्य यांच– लेक’, आणि खाली नावाची पहिली दोन अक्षरं. तिसरीही ओळ असावी, कारण लेबलाच्या वरच्या कडेला काही अक्षरांची डोकी दिसत होती.

यांचा लेक की यांची लेक? सगळं त्या एका अक्षरावर होतं. पुढे काना होता की वेलांटी, ते कीड खाऊन बसली होती. आणि नावाची ती दोन अक्षरं पुरुषाचीही असू शकत होती, बाईचीही.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. लिपी मोडी, भाषा मराठी, तंजावरच्या बाजूची. पहिली मालकी कुणा वैद्याच्या लेकीची असावी असं मला वाटतं.

‘असावी असं का वाटतं?’ बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं. प्रश्न सरळ होता. त्यांनी आतल्या पानांचे सात-आठ फोटोही पाठवले. बऱ्याच चित्रांच्या शेजारी त्याच हाताने झाडांची नावं लिहिली होती, मराठी नाव आणि खाली दुसरं काहीतरी. एका पाच पानांच्या डहाळीखाली मी वाचलं: ‘निर्गुडी’, आणि त्याखाली ‘नोच्चि’. तमिळ नाव, मोडीत. सर्दी झाली की आम्ही अजून नोच्चीचा पाला उकळून वाफ घेतो. गुळवेलीखाली ‘सींदिल’. आणि दोन-तीन ठिकाणी बारीक अक्षरात ‘बाळंतिणीस’ एवढंच.

‘बाळंतिणीस’ वाचून मला खात्री झाली होती. पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हेही मला ठाऊक होतं.

गटात महाराष्ट्रातले एक निवृत्त प्राध्यापक होते, मोडीचे जाणकार. त्यांनी त्यांचं वाचन टाकलं. ‘वैद्य यांचा लेक. त्या काळात वैद्यकी बापाकडून मुलाकडे जात असे. नोंदीत पुत्र असं लिहावं.’ ‘नोच्चि’ हा शब्द त्यांनी ‘नोंदी’ असा वाचला होता. मी त्यांना लिहिलं की ते तमिळ नाव आहे. त्यांनी फोन केला. ते लगेच म्हणाले, “हे मला कळायला हवं होतं, तुमचं बरोबर आहे.” मग म्हणाले, “पण बाई, तुमची मराठी ऐकून फार गंमत वाटते हो. अगदी जुन्या कागदातून कुणी बोलावं तशी.”

“मी आजचीच आहे, सर,” मी म्हणाले. “यांची लेक, असं मी वाचते.”

“तुम्हाला तसं वाचावंसं वाटतं. किडीने खाल्लेलं अक्षर तुम्ही कसं वाचणार?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. स्कॉटलंडच्या बाईंनी कॅटलॉगमध्ये तात्पुरतं लिहिलं: ‘वैद्याचा पुत्र किंवा कन्या, अनिश्चित.’ त्याच्या वर मात्र सर्जनचं नाव ठसठशीत होतं. ‘त्याच्या संग्रहातून.’

मी ठरवलं, हे असं राहू द्यायचं नाही.

अप्पांचं वय आता अठ्ठ्याऐंशी. अम्मा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांच्या डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, कडेचं दिसतं. माझा चेहरा पाहायचा तर ते माझ्या कानाकडे बघतात. त्यांना मी मोबाइलवर काय दाखवणार? शेवटी शेजारच्या घरातल्या लेकीकडून मोबाइल टीव्हीला जोडायचं शिकून घेतलं आणि ते पान टीव्हीवर लावलं. एकेक अक्षर वीतभर झालं. अप्पा खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढे ओढून बसले, मान वाकडी करून, आणि बोटाने काचेवर ओळ गिरवू लागले.

ती ओळ त्यांनी दोनदा गिरवली. मग म्हणाले, “शिकलेला हात आहे. कारकुनाचा नव्हे. कारकून झरझर लिहितो, अक्षरं एकमेकांना बांधत जातो. हा हात दर शब्दाला लेखणी उचलतो.”

“बाईचा आहे का, अप्पा?”

“अगे, हाताला मिशा असतात का?” ते चिडून म्हणाले. “नावाच्या मागे लागू नको. नाव किडीने खाल्लं. हात शोध. हा ‘ळ’ बघ, खालचं वळण घेऊन परत वर येतो. असा ‘ळ’ मी फार कमी पाहिला. ज्याने एवढं लिहिलं, त्याने आणखी कुठेतरी लिहिलेलं असणार.”

त्या ‘ळ’चा आणि आणखी पाच अक्षरांचा मी एक तक्ता केला आणि शोध सुरू केला. पहिल्यांदा आमची तीन कपाटं. दर शनिवारी दुपारी एक फळी, प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान, शेवटचं पान, समास. पुष्कळ मोडी टिपणं मिळाली, कुणाच्या जत्रेला जाण्याच्या तिथ्या, कुणाच्या मुलाचं जन्मटिपण. तो ‘ळ’ नव्हता. तोच तक्ता मी गटात टाकला. पुण्याच्या, चेन्नईच्या, हॉलंडच्या ग्रंथपालांनी आपापल्याकडे बघायचं कबूल केलं. चेन्नईच्या एका कॉलेजमधल्या ग्रंथपालबाईंना त्या इंग्रज सर्जनचा माग लागला. त्यांच्याकडच्या एका पुस्तकात तेच छापील लेबल होतं आणि शेजारी त्याच्याच हाताने लिहिलेलं, की हे त्याला तंजावर मुलुखात नोकरीला असताना मिळालं. म्हणजे आमचा ग्रंथही तिकडूनच गेला असणार. एवढं तरी आता पक्कं झालं.

तिरुप्पनंदाळच्या रस्त्यावर एक निवृत्त तमिळ शिक्षक राहतात, त्यांच्याकडे तमिळ मुलखातल्या सिद्ध वैद्यकाची जुनी पुस्तकं आणि ताडपत्रं आहेत असं कळलं. एका रविवारी बसने गेले. त्यांनी सगळा संग्रह ओसरीवर चटईवर मांडला, मला कॉफी दिली आणि चार तास माझ्याबरोबर पानं उलटली. मोडीचं एक अक्षरही मिळालं नाही. मी उठले तेव्हा ते म्हणाले, “अम्मा, तुम्ही ज्यांना शोधताय त्या तुमच्या घराण्यातल्या का?”

“नाही,” मी म्हणाले. “ओळखीच्याही नाहीत.”

“मग?”

मी बस गाठायची घाई सांगून निघाले. बसमध्ये सुचलं ते असं, की मीही आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं नीट लावत आले आणि कुठल्याच पुस्तकात माझं नाव नाही. त्याचं मला दुःख नाही. पण जिने स्वतःचं नाव लिहून ठेवलं, तिचं तरी राहायला हवं.

असे पाच-सहा महिने गेले. हॉलंडहून नकार आला, पुण्याहून नकार आला. प्राध्यापकांनी एकदा सौम्यपणे लिहिलं, ‘काही प्रश्न उघडेच राहतात, त्यांना तसं राहू द्यावं.’ मी लिहिलं, ‘अजून बघायचं बाकी आहे.’ खरं म्हणजे काय बाकी आहे ते मलाच माहीत नव्हतं.

एकादशीला अप्पांना गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात न्यावं लागतं. भजन ऐकल्याशिवाय ते फराळालाही बसत नाहीत. त्या दिवशी परत येताना ते रिक्षात मागे टेकून बसले होते. मला वाटलं, थकले असतील. पूल ओलांडल्यावर एकदम म्हणाले, “तंजावरच्या न्यासात एक दप्तर आहे. किरकोळ वैद्यकी. ते तू पाहिलंस का?”

“तुमच्या यादीत पाहिलं, अप्पा. तीन ओळींची नोंद आहे. काढे, लेप, लेखक अज्ञात.”

“ती नोंद मीच केली.”

“हो, तुमच्याच अक्षरात आहे.”

“मी ते वाचलं नव्हतं,” अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

“वर्ष संपत आलं होतं आणि यादी पुरी करायची होती. दरबारचे कागद, जमिनीचे कागद, सगळं मी ओळ अन् ओळ वाचलं. शेवटी ते दप्तर राहिलं. उघडलं तर बाळंतपणाचे काढे, पोरांचं पोट दुखणं. मला वाटलं, यात काय वाचायचं? वरची चार पानं पाहिली आणि लिहिलं, किरकोळ. लेखक अज्ञात. अज्ञात कशावरून? मी शोधलाच नव्हता. तू तो ‘ळ’ दाखवलास तेव्हापासून मला ते दप्तर आठवतंय. पण त्यात तो ‘ळ’ आहे की नाही ते आठवत नाही. न वाचलेलं कुठून आठवणार?”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“लाज वाटली,” अप्पा म्हणाले. एवढंच.

मला राग आला, हे कबूल करते. सहा महिने मी फळ्या उपसत होते आणि हे माणूस घरात बसून होतं. घरी आल्यावर मी त्यांचा फराळ वाढला आणि स्वतः आत जाऊन बसले. थोड्या वेळाने भिंतीला धरत धरत ते दारात आले. “उद्या सुट्टी टाक,” म्हणाले. “मी येतो.”

“तुम्हाला दिसणार नाही, अप्पा.”

“तू वाच. मी ऐकतो.”

सकाळच्या गाडीने आम्ही तंजावरला गेलो. न्यासाच्या ग्रंथालयात आता एक तरुण ग्रंथपालबाई आहेत. त्यांनी अप्पांना पाहताच खुर्ची दिली आणि पाया पडल्या. त्यांच्या टेबलावर अप्पांची हस्तलिखित यादी अजून रोज उघडली जाते. दप्तर आलं. तांबड्या फडक्यात बांधलेलं, गाठ इतकी घट्ट की ती सोडवायलाच वेळ लागला. आत वही नव्हती, शिवलेली लांब बाडं होती, तीन. पहिल्या बाडाची वरची चार पानं वेगळ्याच हाताची, कुणा कारकुनाने उतरवून घेतलेली. अप्पांनी तेवढीच पाहिली होती.

मी पाचवं पान उलटलं. पहिल्याच ओळीत ‘गुळवेल’ होतं. ‘ळ’ खाली जात होता, वळण घेत होता आणि परत वर येत होता.

मी तक्ता काढून शेजारी ठेवला. सहा अक्षरं, सहाही जुळत होती. ग्रंथपालबाई वाकून बघत होत्या. त्यांना मोडी येत नाही, पण आकार त्यांनाही दिसत होते. “तेच आहे,” त्या तमिळमध्ये कुजबुजल्या. “अगदी तेच.”

“वाच,” अप्पा म्हणाले.

मी वाचत गेले. काढे, त्यांची मापं, कुठला पाला कुठल्या ओढ्याकाठी मिळतो, अमक्या घरची बाळंतीण तीन दिवस अडली तेव्हा काय दिलं, काय लागू पडलं, काय पडलं नाही. जिथे बाई दगावली तिथे तसंही लिहिलं होतं, कुठलाही आडपडदा न ठेवता. दुपार झाली. ग्रंथपालबाईंनी जेवायला बोलावलं. अप्पांनी नुसतं ताक मागितलं आणि जागचे हलले नाहीत. तिसऱ्या बाडाच्या मध्यावर मी एक ओळ वाचली आणि थांबले. पुन्हा वाचली.

“काय आहे?” अप्पांनी विचारलं.

मी मोठ्याने वाचलं. “‘वडिलांपाशीं बसोन शिकलें. ते गेलियावर घरोघर मीच गेलें.’”

अप्पांनी डोळे मिटले. “शिकलें,” ते म्हणाले. “शिकलों नव्हे. गेलों नव्हे. अनुस्वार स्पष्ट आहे? काना नाही ना? नुसती मात्रा आहे?”

“आहे, अप्पा. दोन्हीकडे नुसती मात्रा आहे, काना नाही. कीड इथे आलीच नाही.”

पुरुष ‘शिकलों, गेलों’ लिहील. ‘शिकलें, गेलें’ बाईच लिहिणार. यावर कुठलाही प्राध्यापक काही बोलू शकत नव्हता. आणि शेवटच्या पानावर, संपवताना, तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. पहिली दोन अक्षरं तीच, आणि पुढे शेपूट शाबूत. तिचं नाव मी इथे देत नाही. ज्या याद्यांमध्ये ते असायला हवं होतं तिथे ते आता आहे.

निघताना अप्पांनी आपल्या यादीची ती नोंद मागितली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आम्ही कॉम्प्युटरवर दुरुस्त करू, तुम्ही त्रास घेऊ नका. अप्पा ऐकेनात. मी त्यांचं बोट ‘लेखक अज्ञात’ या शब्दांवर टेकवलं. त्यांनी पेनाने त्यावर एक आडवी रेघ मारली आणि समासात, वाकडंतिकडं, एका अक्षरावर दुसरं चढवत, तिचं नाव लिहिलं. खाली आपली सही केली आणि लिहिलं, ‘पूर्वीं वाचलें नव्हतें.’ मला ते नको होतं. मी म्हणाले, एवढं लिहायची काय गरज? ते म्हणाले, “पुढच्याला कळायला हवं, की नोंद चुकली कशी.”

त्या बाडांचे फोटो मी स्कॉटलंडला पाठवले, गटातही टाकले. पहिला फोन प्राध्यापकांचा आला. ते हसत होते. “बाई, मी माझं वाचन मागे घेतो. तसं मी गटातही लिहिलंय. मी किडीच्या भोकात माझ्या मनातलं अक्षर बसवलं.”

“मीही बसवलंच होतं, सर,” मी म्हणाले. “फक्त माझं बरोबर निघालं.”

त्यानंतर ते दर आठवड्याला फोन करतात आणि एकेका तमिळ वनस्पतीचं नाव विचारतात. बाडांचं संपादन आम्ही दोघं मिळून करतो आहोत. माझ्या मराठीला ते आता हसत नाहीत. अडलं की विचारतात, तुमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय.

स्कॉटलंडच्या बाईंनी कॅटलॉगची नोंद नव्याने लिहिली. आधी तिचं नाव, वैद्य, तंजावर प्रांत, त्यानंतर सर्जन. मी त्यांना विचारलं, लेबलाखालची ओळ वाचता येईल का? त्यांनी मागून दिवा लावून पाहिलं होतं, पण कागद जाड, काही दिसत नव्हतं. लेबल काढायचं तर त्यांच्या समितीची परवानगी हवी, कारण लेबल हाही इतिहासच. मला ते पटलं. तरी मी अर्ज लिहिला. पहिला नामंजूर झाला. दुसऱ्यात मी लिहिलं, की लेबल फेकायला मी सांगत नाही. पण त्याच्याखाली जी ओळ आहे ती त्याच्या आधीची आहे, आणि आधीच्या मालकिणीचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय नोंद पुरी झाली असं कसं म्हणायचं? हा अर्ज मंजूर झाला.

त्यांच्याकडच्या पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी ओलसर वाफेने, दोन दिवस लावून, ते लेबल अख्खं सोडवलं. व्हिडिओवर आम्ही सगळे होतो: त्या दोघी, चेन्नईच्या ग्रंथपालबाई, तंजावरच्या, प्राध्यापक, आणि टीव्हीपुढे मान वाकडी करून बसलेले अप्पा. त्यांनी सुटलेलं लेबल बाजूला केलं. खाली एक ओळ, स्वच्छ.

“काय लिहिलंय?” स्कॉटलंडच्या बाईंनी विचारलं.

वाचली आम्ही तिघांनीही, मी, अप्पा आणि प्राध्यापक. पण सांगायचं कुणी, म्हणून सगळे माझी वाट बघत राहिले.

“लिहिलंय,” मी म्हणाले, “‘मागोन नेलियास परत आणून द्यावें.’”

मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. सर्जनने ते मागून नेलं, विकत घेतलं, की आणखी काही झालं, ते आम्हाला माहीत नाही आणि मी ते ठरवून टाकणार नाही. त्याला ती ओळ वाचताही आली नसेल. पण लेबल लावायला अख्खं पान मोकळं होतं, आणि ते लागलं नेमकं त्या ओळीवर.

“आता तुम्ही पत्र लिहिणार,” त्या बाई शेवटी म्हणाल्या.

“लिहिणार,” मी म्हणाले.

“लिहा. मी ते समितीपुढे ठेवीन.”

पत्राला उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. ग्रंथ कायमचा द्यायचा की नाही हे त्यांच्या विश्वस्तांना ठरवायचं आहे, त्याला वेळ लागेल, असं त्यात होतं. पण तोपर्यंत तो एका वर्षासाठी इकडे पाठवायला ते तयार आहेत. तंजावरला त्या तीन बाडांच्या शेजारी तो ठेवायचा. सोबत अटींची सहा पानं आली. खोलीतला दमटपणा किती असावा, दिवा कसला, काच कसली, गळती नको, वाळवी नको, विमा, दोन कुलपं. तंजावरच्या न्यासाचे एक विश्वस्त कुंभकोणमला राहतात, ते म्हणाले, “इतकं सगळं एका पुस्तकासाठी?” मी त्यांना बसवून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते उठताना म्हणाले, गच्चीचं काम करणारा माझ्या माहितीचा आहे, त्याला तंजावरला पाठवतो.

त्या खोलीचं छप्पर आता गळत नाही. काचेचं कपाट तिरुभुवनमच्या सुताराकडे व्हायला टाकलं आहे. मी दर गुरुवारी सकाळच्या गाडीने तंजावरला जाते, दमटपणा मोजायचं यंत्र बघते, आकडे वहीत उतरवते आणि स्कॉटलंडला पाठवते. मागच्या गुरुवारी आकडा पहिल्यांदा त्यांच्या मर्यादेत आला. सहा पानांपैकी साडेचार पानं पुरी झाली आहेत. उरलेलं दीड पानही होईल. मग स्कॉटलंडच्या विश्वस्तांचा निर्णय येईपर्यंत मी ग्रंथ कायमचा परत मागणारं दुसरं पत्र लिहायला घेणार आहे.